शिकाऊ मुलीची झेंडी

तिला सगळे ठेंगी म्हणत. उंची बेताची, जीभ मात्र हातभर लांब. रेल्वेच्या कारखान्यात फिटरचं काम शिकायला निघाली तेव्हा आई म्हणाली, "अगं, चार बायका काय म्हणतील?"

"त्यांच्या गाडीचे ब्रेक मीच बघणार आहे. जपून बोलायला सांग."

पहिलं वर्ष कानस घासण्यात गेलं. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा चौकोनी होईस्तोवर घासायचा, मिस्त्रीने एक डोळा मिटून बघायचा आणि भंगारात भिरकावायचा. "हा चौकोन? याला तर ताप आलाय!" मग त्याच मिस्त्रीच्या हाताखाली ती डब्याखालच्या खड्ड्यात उतरली. ब्रेक सोडवायचे, जोडायचे, तोंड काळं करून घरी जायचं. शेवटी परीक्षा, पण फोरमनने हो म्हटलं तरच. परीक्षा आता तोंडावर आली होती.

खड्ड्याचा एक नियम होता. डब्याखाली शिरणाऱ्याने डब्याला लाल झेंडी लावायची, आणि ज्याची त्यानेच काढायची. झेंडी असेतो डबा हलवायचा नाही. शिकाऊंना मात्र झेंडी नसे, ते मिस्त्रीच्या झेंडीत धरलेले. ठेंगीला हे पटेना. घरचा जुना लाल पडदा फाडून तिने काठीला बांधला.

"पडदानशीन झालीस काय गं?" मिस्त्री खो खो हसला.

एके दिवशी मिस्त्री आपली बाजू उरकून, आपली झेंडी काढून चहाला गेला. ठेंगीच्या बाजूच्या ब्रेकच्या पिना अजून बसायच्या होत्या. तेवढ्यात फोरमन आला. मागे डबा ओढायला इंजिन धुसफुसत उभं.

"ती चिंधी काढ. डबा न्यायचाय."

ठेंगीने डब्याखालून डोकं बाहेर काढलं. "साहेब, पिना राहिल्यात."

"मिस्त्रीची झेंडी निघाली, काम संपलं. शिकाऊची झेंडी धरत नाहीत."

"झेंडी नका धरू. पण खाली मी आहे, मला तरी धरा!"

फोरमनचा आवाज खाली आला. "यंदा परीक्षेला बसायचंय ना?"

ठेंगी म्हणाली, "बसायचंय की. पण स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बसायचंय." आणि पुन्हा डब्याखाली शिरली.

चहा पिऊन मिस्त्री आला. फोरमन गरजला, "मिस्त्री, काढा ती चिंधी!"

मिस्त्रीने मिशी पुसली. "माझी असती तर काढली असती, साहेब."

"मग यंदा हिची परीक्षा नाही!"

खाली ठेंगीला सगळं ऐकू आलं. हातातली पिन घसरली. तिने ती उचलून पुन्हा बसवली, टोकं वाकवली, मग पुढची घेतली. इंजिन ताटकळलं. सगळं झाल्यावरच तिने झेंडी उतरवली.

फोरमन शब्दाचा पक्का निघाला. बरोबरीची पोरं परीक्षेला गेली, त्या सकाळी ठेंगी नेहमीच्या वेळेला कारखान्यात हजर.

मिस्त्री चपापला. "आज घरी बसायचंस, पोरी."

"का? डबे रजेवर गेलेत?" म्हणत तिने पाना उचलला आणि खड्ड्याची शिडी उतरली.