अक्काचा टाइम

अक्का मोजत नसे. ठिबक सिंचनाच्या सामानाच्या एका पाकिटात दहा जॉइनर आणि दहा रबरी वॉशर टाकून तोंड सील करायचं, एवढंच त्या टेबलावरचं काम. बाकीच्या बाया ओठ हलवत मोजायच्या, मधे कुणी बोललं की चुकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. अक्का खोक्यात हात घालायची आणि मूठ बाहेर काढायची. मुठीत दहा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. तिची पंचवीस पाकिटं फोडून मी स्वतः मोजली आणि सगळ्यांत दहा-दहाच निघाले. "मोजतस कसाले भाऊ?" ती म्हणाली. "हातले माहीत शे." मग मी फोडलेली पंचवीस पाकिटं तिने पुन्हा भरली, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात माझं काम म्हणजे दुसऱ्यांची कामं बघणं. सकाळच्या गाडीने जळगावहून जायचं, गळ्यात स्टॉपवॉच अडकवायचं, हातात फळी घ्यायची आणि कुणाच्या तरी शेजारी उभं राहून त्याचा टाइम घ्यायचा. हात कुठून कुठे जातो, फुकट किती फिरतो, खोकं उजवीकडून डावीकडे ठेवलं तर किती सेकंद वाचतात, हे सगळं टिपायचं. मग एका दिवसात किती काम व्हायला हवं तो आकडा काढायचा आणि खाली सही करायची. मला तिथे 'घड्याळवाला साहेब' म्हणत. मी आलो की आकडा कमी लागावा म्हणून मशीनवाले हळू होत, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. अशी वीस वर्षं मी लोकांना ओशाळवाणं करत हिंडलो. आता कंटाळा येतो म्हणायचीही सोय नाही, कारण पोट त्याच्यावरच भरलं.

अक्काचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून ती यायची. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, डोक्यावरचा पदर कामातही न ढळणारी. बोलणं अस्सल अहिराणी. आम्ही रावेरकडचे, आमची बोली वेगळी, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं मी अंदाजानेच घ्यायचो. माझा अंदाज चुकला की ती गालातल्या गालात हसायची आणि तेच वाक्य शाळेतल्या मराठीत सांगायचा प्रयत्न करायची. ते तर मला मुळीच कळायचं नाही.

तिची एक खोड होती. तिला कुणी उभं राहिलेलं बघवत नसे. सुपरवायझर येऊन उभा राहिला की "बठा ना", पाणी देणारी बाई थांबली की "बठ ना माय". टेबलाजवळ बसायला एक रिकामं क्रेट सोडून काहीही नव्हतं, पण ती ते पायाने पुढे सरकवायचीच. माझ्यापुढेही तिने ते सरकवलं होतं. पण टाइम घेणारा माणूस बसत नाही. तशी शिकवण आहे आम्हाला, बसलं की हात नीट दिसत नाहीत. मी उभाच राहिलो.

पॅकिंगच्या टेबलाचा नवा आकडा काढायचा म्हणून मी अक्काचा टाइम घेतला. सरळ काम करणारी, मोजण्यात न अडखळणारी, माझ्या दृष्टीने आदर्श बाई. पाकिटाला बावीस सेकंद आले. आमच्या कामात एक कॉलम असतो, रेटिंगचा. समोरचा माणूस मंद काम करतोय, साधारण की जलद, हे डोळ्यांनी ठरवून त्याला आकडा द्यायचा. साधारणला शंभर. जलद असेल तर शंभराच्या वर लिहायचं, म्हणजे त्याच्या वेगाचा भार इतरांवर पडत नाही. अक्काच्या हातात कुठे घाई दिसेना. कपाळाला आठी नाही, श्वास चढलेला नाही. मी शंभर लिहिले. नऊशे पाकिटांची अकराशे झाली. पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आकडा माझ्या नावासकट बोर्डावर लागला आणि मी त्या संध्याकाळी गाडीत चक्क खिडकीपाशी बसून झोपलो.

अकराशे कुणाचेच होईनात. महिन्याच्या शेवटी ज्यांची पाकिटं सगळ्यांत कमी, त्या दोघींना पुढच्या महिन्यात भंगार दळायच्या शेडमध्ये पाठवायचं, असा नवा नियम निघाला. फुकट गेलेले पाइप तिथे मशीनमध्ये घालून दळत. धूळ असायची, आणि आवाज असा की शेजारच्याला खुणेने सांगावं लागे. कुणीही तिथे आपण होऊन गेलं नसतं. यादी मीच काढत असे. बायांनी मला काही म्हटलं नाही, साहेबाला कोण म्हणतं? त्यांनी अक्काला धरलं. हिनेच धाव घेतली, हिनेच आमचं मरण ओढवलं, असं टेबलावर उघड बोललं जाऊ लागलं. जेवायला तिच्यापाशी कुणी बसेना. आधी तिच्या डब्यातल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला चार हात लागायचे. आता ती एकटीच चार घास खायची आणि अर्धी सुट्टी तशीच टाकून टेबलावर परत यायची. मी हे ऑफिसच्या काचेतून बघत होतो. बायांचं आपसांतलं असेल, म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या महिन्याच्या यादीत सगळ्यांत खालचं नाव अक्काचं आलं. जिच्या हातावरून आकडा काढला, तिचाच आकडा भरत नाही! मला राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, ही मुद्दाम हात आखडतेय. यादी पुढे पाठवून दिली आणि घड्याळ घेऊन मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. पुन्हा बावीस सेकंद. पुन्हा बावीस.

"अक्का, हात तर चालतोय तुमचा. मग पाकिटं जातात कुठे?"

तिने पुढचं पाकीट सील केलं. बोलली ती समोरची सुनंदा. मनगट मोडून वाकडं बसलेली पोरगी, टेबलावर सगळ्यांत हळू. ती एकदम रडायलाच लागली. "साहेब, तिन्हं नाव काढा यादीमाईन. तिन्हा पाकिटं मन्हा क्रेटमा शेतस. मी नको म्हनस, ती ऐकस नही."

"तिन्हा हात दुखस," अक्का म्हणाली, जणू मी सुनंदाचीच तक्रार घेऊन आलो होतो. "बठ्ठा ढीग एकच शे ना भाऊ." बठ्ठा म्हणजे सगळा.

मी विचारलं, मग हा बावीस सेकंदांचा वेग तुम्ही दिवसभर ठेवता? तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "दिनभर कोठे ठेवू? तुम्ही उभा व्हतात ना त्या दिन. उभा मानूसले लवकर मोकयं करनं पडस. म्हनीसन हात उचला मी."

मला कळायला वेळ लागला. दारात कुणी उभं असलं की हातातलं काम भराभर उरकून त्याला मोकळं करायचं, ही तिच्या घरची रीत. घड्याळ, फळी, कारखाना या गोष्टी तिच्या हिशेबातच नव्हत्या. एक माणूस ताटकळत उभा होता आणि त्याला तिने वाट बघायला लावलं नाही. तिचा तो मानपान मी बावीस सेकंद म्हणून लिहून घेतला, त्यापुढे 'साधारण' म्हणून शंभर लिहिले आणि अठरा बायांच्या डोक्यावर ठेवून दिला. तिच्यासारखा हात मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. आणि मी तो साधारण ठरवला होता.

मी क्रेटवर बसलो. घड्याळ मांडीवर ठेवलं, सुनंदाशी तिच्या गावच्या बाजाराच्या गप्पा काढल्या आणि तासाभराने नव्याने टाइम घेतला. सव्वीस सेकंद. म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वानऊशे. नवा कागद त्याच दुपारी तयार झाला.

आणि तो माझ्या खणात पडून राहिला. आपल्याच सहीवर आपणच रेघ मारायची. मार्चअखेरीला बढतीची नावं जायची होती आणि बोर्डावर अजून माझं नाव होतं. दोन महिन्यांनी देऊ, काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. दोनाचे पाच महिने झाले. यादी गेली होती, त्यामुळे अक्का भंगाराच्या शेडमध्ये गेली. पुढच्या प्रत्येक महिन्यात कुणाची तरी पाळी आली की "मीच र्‍हास ना" म्हणून तीच तिथे थांबायची. बायांचा राग तेवढ्याने गेला. दुपारी कुणी ना कुणी भाजी घेऊन शेडकडे जायची. मी एकदा गेलो तेव्हा ती धुळीने पांढरी झाली होती. "आठे भी कामच शे भाऊ," असं ओरडून म्हणाली. मला वाटलं, मशीनच्या आवाजामुळे ओरडतेय.

एप्रिलमध्ये मी कागद दिला. बढती झाली होती. मॅनेजरने भुवया उंचावल्या, दोन दिवस घेतले आणि सही केली. आकडा उतरला, शेडचा नियमही गेला. सुनंदा धावत अक्काला आणायला गेली. मी दारातून बघत होतो. सुनंदा मागून हाका मारत होती. मशीन बंद झालं होतं, शेड अगदी शांत होती, आणि अक्का काही वळेना. शेवटी सुनंदाने खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

टेबलावर ती जेमतेम पंधरा दिवस टिकली. काम तसंच होतं, मुठीत दहाच यायचे. पण मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा भोंगा तिला ऐकू आला नाही आणि ती थोडक्यात वाचली. बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते तिला सुनंदाने खुणेने सांगितलं. मी त्या दिवशी रजेवर होतो. खरंच होतो. पण असतो तरी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी ती मला धुळ्याच्या बसस्थानकावर भेटली. मी साक्री रस्त्यावरच्या एका कारखान्यातलं काम आटोपून जळगावची गाडी बघत होतो. तिनेच ओळखलं. "भाऊ!" म्हणून अशी हाक मारली की आजूबाजूची माणसं वळली. लेकीकडे निघाली होती. केस पार पांढरे झाले होते. माझ्या पोराबाळांची चौकशी तिने मोठ्यामोठ्याने केली आणि माझी उत्तरं माझ्या ओठांकडे बघून घेतली.

मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं."

"काय म्हनतस?"

"चुकलं. माझ्याकडून चुकलं."

तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली. "चुकनी? जळगावनी गाडी? जाऊ द्या ना भाऊ, दुसरी येई." तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, बाकावरचं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली.

पुन्हा सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. बाकावर, उपाहारगृहाच्या दारात, चौकशीच्या खिडकीपाशी माणसंच माणसं होती. मी मान डोलावली. तिची लेकीच्या गावाची गाडी लागली तेव्हा मी बोट करून दाखवली. तिने हाताने 'राहू दे' केलं आणि माझ्या सोबतीला बसून राहिली. थोड्या वेळाने माझी जळगावची गाडी आमच्या समोरून निघाली, पाटी स्पष्ट दिसत होती. अक्काला वाचता येत नव्हतं. मी उठलो नाही.