मेटा सर करतात

"दिवाळी गेली, एक फोन न्हाई," दत्तोबा आमच्या भूगावच्या ऑफिसात उभ्यानंच म्हणाले. "चुलत्यानं जमिनीचा एजंट आणून बसवलाय. म्हणतोय, खाचर दे आन् मोकळा हो. ह्या हिवाळ्यात पावनं न्हाई आलं, तर द्यावंच लागंल."

मुळशी धरणाच्या काठी, भाताच्या खाचराला लागून, त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांची वेबसाइट आम्ही केली होती.

आमचे मालक, म्हणजे सर, केबिनमधून बाहेर आले. "दत्तोबा, मेटा मी स्वतः टाकलाय. वर्ल्ड क्लास. पेशन्स ठेवा."

"मेटा दिसतोय कुटं?"

"तो दिसत नसतो."

"मग आमच्या खोल्यांसारखाच हाय म्हना," दत्तोबा म्हणाले आणि गेले.

मेटा टॅग म्हणजे वेब पानाच्या डोक्यावर लिहिलेल्या काही ओळी. वाचणाऱ्याला त्या पानावर दिसत नाहीत. सर्च इंजिन त्या वाचतं. माझी बायको सुनंदा ग्रंथपाल होती. ती म्हणायची, हे तुमचं कॅटलॉगचं कार्ड. पुस्तक कपाटात असतं, पण वाचक आधी कार्ड चाळतो. ती त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली. घरात बसवेना, म्हणून मी लगेच कामावर आलो होतो.

आमच्याकडे नियम होता : पान आम्ही करायचं, मेटा सर करतात. केबिनचं दार लावून. वैद्याच्या पुडीसारखं ते गुपित असे, आणि त्याचं बिल वेगळं लागे.

मी दत्तोबांच्या पानाचा सोर्स उघडला. कोणत्याही पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' निवडलं की या ओळी दिसतात. गुपित ते एवढंच. कीवर्ड्समध्ये, म्हणजे शोधशब्दांच्या यादीत, बीच, कॅसिनो, स्कूबा, हनिमून आणि शेवटी गोव्यातल्या एका हॉटेलचं नाव. वर्णनात लिहिलं होतं, समुद्र दोन पावलांवर. त्याखाली एकच शब्द : नोइंडेक्स. म्हणजे, हे पान तुमच्या यादीत घेऊ नका.

सरांनी त्या हॉटेलच्या पानाचं अख्खं डोकंच उचललं होतं. तेही कुठल्या पानाचं? बुकिंग झालेल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खाजगी पानाचं. ते कुणाला सापडू नये, अशी हॉटेलचीच इच्छा होती. सरांनी तोरणाबरोबर कुलूपही आणून दत्तोबांच्या दाराला लावलं होतं.

"सर, यात नोइंडेक्स आहे."

"असू दे. एवढं मोठं हॉटेल आहे. त्यांनी विचार करूनच टाकलं असेल."

"त्यांनी केलाच होता, सर."

सरांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "तू सध्या जरा डिस्टर्ब्ड आहेस. सुट्टी घे थोडी."

सुट्टी घेतली नाही. ती ओळ काढली. मग दत्तोबांच्या घरी फोन लावला. त्यांच्या मंडळी, हौसाबाई, बोलल्या.

"वहिनी, तुमच्याकडे पाहुण्याला काय मिळतं?"

"दारातनं पानी दिसतंय. इंद्रायणीचा भात, माशाचं कालवण. टीव्ही न्हाई, ते आधीच सांगा बाई, मागनं कटकट नको."

वर्णनातला समुद्र काढून मी तेच जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. कीवर्ड्स पुसून टाकले. मोठी सर्च इंजिनं ती यादी एव्हाना मोजतच नव्हती. ती फक्त आमच्या बिलात मोजली जायची.

काही आठवड्यांनी पान शोधात दिसू लागलं. दत्तोबांचा फोन आला. "साहेब, पहिल्याच बाईनं इचारलं, टीव्ही न्हाई ते तुमीच का? आता शनिवार-रविवार खोल्या भरत्यात. एजंटाला चहा पाजला आन् वाटंला लावला. चुलता लई फुगलाय."

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "सी द पॉवर ऑफ कीवर्ड्स." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम उरवड्याच्या स्प्रिंगच्या कारखान्याचं होतं. केबिनचं दार लागलं. महिन्याभरानं कारखान्याच्या मालकांनी मला फोन केला. "अहो, आम्ही इथे स्प्रिंगा करतो. लोक फोन करून भाताबरोबर मासे मिळतील का विचारतायत. आणि टीव्ही नाही म्हणून खूश होतायत. हे काय आहे?"

सरांनी या खेपेला आमच्याच, दत्तोबांच्या पानाचं डोकं उचललं होतं. त्यात निदान कुलूप नव्हतं. आमच्या धंद्यात याला अनुभव म्हणतात.