पटक्याची वाकळ

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. माझा थोरला अकरा वर्षांचा असताना त्याचा बाप काविळीनं गेला. आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहत होतो. तेराव्याला सांगलीकडून माझा धाकटा भाऊ आला आणि रीतीप्रमाणे त्यानं भाच्याच्या डोक्याला पटका बांधला. पटका पोराच्या डोळ्यांवर येत होता. त्याचा ओठ हलला तशी मीच दटावलं, "रडायचं न्हाई. आता घरातला कर्ता तू हायस." ही चूक माझी. दुसऱ्या कुणाच्या नावावर घालत नाही.

पोरगं रडलं नाही. त्यानंतर त्यानं दंगाही केला नाही. विटीदांडू पाठच्या धाकट्या भावाला देऊन टाकला. शाळेतून आला की वैरण आणायचा, म्हशीला पाणी दाखवायचा आणि गप्प बसायचा. गाव म्हणायचं, लय समजूतदार पोरगं. मलाही बरं वाटायचं. घरात कामाचा माणूस आला होता. पोरगं कुठं गेलं, हे मी बघितलंच नाही.

चौदाव्या वर्षी त्याचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची. सकाळी त्याला उठणं होत नसे. सांगितल्याशिवाय अंघोळ नाही. दीर म्हणाले, "माजलंय. दोन ठेवून द्या." सासूनं मनगटाला दोरा बांधला. दोन्ही उपाय करून झाले. फरक नाही.

एकदा मी भाकऱ्या थापत होते. तो चुलीपाशी बसून विचारतो कसा, "आई, मी मेलो तर पटका धाकट्याला बांधायचा काय?"

धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. माझा हात मारायला वर गेला आणि तसाच राहिला. पोराच्या आवाजात राग नव्हता. म्हैस कुठं बांधू, असं विचारावं तसं तो विचारत होता.

मी तवा उतरवला. खुंटीवरचा पटका काढला आणि त्याच्यासमोर कात्रीनं कापला. सासू ओरडली, "अगं, डोकं फिरलं काय तुझं?"

"कर्ती मी हाय," मी म्हटलं. "हे पोरगं हाय."

ते तुकडे जुन्या लुगड्यांत घालून वाकळ शिवली आणि दोन्ही पोरांवर पांघरली.

लगेच काही झालं नाही. त्याला रानात एकटं पाठवायचं मी बंद केलं. त्याची कामं मी आणि दीरांनी वाटून घेतली, दीर कुरकुरत का होईना. रोज त्याला जवळ बसवून बोलत राहिले, तो उत्तर देईना तरी. शेवटी एकदा भुईमुगाच्या शेंगा फोडताना बापाचा विषय निघाला आणि त्याला रडू फुटलं. तीन वर्षांचं साठलेलं रडला. मी थांबवलं नाही.

दिवाळीला भाऊ आला. "आक्का, पटका कुठाय गं?"

"वाकळंत."

थोरला फिसकन हसला.

उन्हाळ्याच्या तोंडाला मास्तर तक्रार घेऊन दारात आले. "आवं बाई, तुमचा थोरला वर्गात लय दंगा करतोय."

मी जास्त दूध घालून त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "मास्तर, परत एकदा सांगा की."