रंगराव आणि माझं निम्मं सारवण

दिवाळी तोंडावर आली होती आणि माझं घर काही सारवून होत नव्हतं. सणसर गावची गोष्ट, नव्वद सालानंतरची... तेव्हा आमच्याकडं फरशी कुठली!

सारवायची माती कालव्याकडून आणायची. तीन खेपा डोक्यावरून आणल्या, चाळून पडवीच्या कोपऱ्यात ढीग लावला. मान अशी अवघडली की म्हशीकडं बघायचं तरी सगळं अंग वळवावं लागायचं. म्हैस गुणाची होती हो आमची... ते असू दे.

त्यात घरात रंगराव. रंगराव म्हणजे घोयरा, रंग बदलतो आणि लांब जिभेनं माशी टिपतो तो सरडा. बांधावरची बाभळ तोडताना लोक त्याला दगडानं मारणार होते, म्हणून आमच्या मालकांनी उचलून आणलेला. पडवीत एक फांदी रोवून दिली होती त्याला. मला कधी बाजारातून बांगडी आणली नाही, पण रंगरावाला रोज नाकतोडे!

त्या आठवड्यात रंगराव फांदीवर थांबेना. खाली उतरायचा आणि मी सारवलेली जमीन उकरायचा. मी शिव्या घालत बुजवायचे, वरून शेणाचा हात फिरवायचे... दुसऱ्या दिवशी परत तेच.

"तुमच्या रंगरावाला बांधावर सोडून या," मी मालकांना म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गं. पाव्हणा हाय."

"मग पाव्हण्यासारखं बसावं की एका जागी!"

एका सकाळी मालकांनी नाकतोडा समोर धरला तरी त्यानं जीभ काढली नाही. अंग काळपट पडलेलं, डोळे आत गेलेले, तरी एक पाय जमिनीवर ओढतोय. मालक कारखान्याच्या पाळीला गेले ते डबासुद्धा विसरून. मलाच कसंतरी झालं.

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, घोयऱ्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहायच्या नाहीत. विषारी असतो म्हणायच्या. त्या दिवशी मात्र काठी टेकत आल्या आणि वाकून बघितलं.

"कुशीला गाठी बघ की. ह्यो रंगराव न्हाय, बाई हाय. अंडी घालायला जागा हुडकतिया, आन् तू रोज तिचा खड्डा बुजवतियास!"

मी शेणाच्या हातानं तशीच उभी... आठवडाभर ती उकरत होती आणि मी बुजवत होते. चोपून चोपून दगड केलेल्या जमिनीत ती बिचारी काय करणार!

मऊ माती घरात एकच होती, माझा ढीग. त्यावर पाणी शिंपडलं, कोपरापर्यंत हात घालून ओल बघितली. मग तिला फडक्यात उचलून वर ठेवलं. विषाची भीती मनात होतीच, पण ती हलेचना. वाटलं, मारलं मी हिला...

मग एक पाय हलला. मग दुसरा.

दुपारी शेपटीचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं. दिवेलागणीला वर आली तेव्हा पोट चिपाडासारखं सपाट. एवढी दमलेली, तरी पायांनी माती ओढून, दाबून जागा अशी सारखी केली की तिथं काही होतं हे कळू नये. माझ्यापेक्षा हात साफ!

ढिगाला आता हात लावता येईना, म्हणून निम्मं घर तसंच राहिलं. दिवाळीला नणंद आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, अवंदा निम्मंच सारवलं व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हळू बोल. तितं बाळंतीण हाय."

पुढं आखाडापर्यंत त्या ढिगावर आत्याबाईच पाणी शिंपडायच्या. काडीपेटीतल्या काडीसारखी बारीक पिल्लं निघाली तेव्हा नणंदेला निरोप धाडला त्यांनी!

आता बारामतीत गुळगुळीत फरशी आहे, नात म्हणते आजी बस निवांत. पण निवांत बसायला मी शिकले ते त्या दिवाळीला. निम्मं काम राहिलेलं आणि कुणी बोल लावत नाही... ती फांदीवर, मी खाली जमिनीवर, दोघी भरदुपारी झोपलो होतो.

रंगरावबाई, तुझे उपकार गं.