डाव्या हाताचं खुरपं

घोर लावून घ्यायला मला फार मोठं कारण लागत नाही. आई म्हणायची, "या पोरीले पाहुणा यायच्या आधीच त्याच्या परतीच्या गाडीची काळजी." त्यामुळे वणीच्या शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावून "माळी निवृत्त होतोय, त्याच्या निरोपाची वस्तू तुम्ही आणा" असं सांगितलं, तेव्हा मी लगेच घोर लावून घेतला यात नवल नाही.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी यवतमाळहून वणीला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. सगळ्यांत धाकटी, म्हणून बागकामाचा तास माझ्या गळ्यात पडला होता. बाग मात्र खरी माळीबाबांचीच. शाळेला कुंपण नव्हतं तेव्हापासूनचे ते. जातीनं माळी नव्हेत. चार-पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पण शाळेत सगळे त्यांना नुसतं 'माळी' म्हणत आणि अरेतुरे करत. वयाकडे बघून मी तेवढी 'तुम्ही' म्हणायची, आणि त्याचा मला उगाच अभिमान होता.

"शाल-श्रीफळ आपण शिक्षकांना देतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याला शाल घेऊन काय करायचंय? काहीतरी उपयोगी द्या. बागकाम तुमच्याकडे आहे, तुम्हालाच कळेल."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. कारण मला माळीबाबांचं एक देणं फेडायचं होतं आणि ते मोठ्या बाईंना माहीत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना मुलींसमोर बोलले होते. फाटकाजवळचे वाफे कायम मरगळलेले, झेंडू कसाबसा उभा. आणि मागे विहिरीपाशी, जिथे चिटपाखरू फिरकत नाही, तिथे मेथी, शेवंती, वांगी नुसती माजलेली. मी म्हणाले होते, "लोक येतात ते पुढून. पुढचं काम असं अंगचोरपणे करायचं आणि मागे मन लावायचं, याला काय म्हणावं?" मुली फिदीफिदी हसल्या होत्या. माळीबाबा "हौ बाई" म्हणाले आणि खाली बसून गवत काढू लागले. ते 'हौ बाई' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. जाताना तरी त्यांना कळावं की ही पोर आपल्याला कामचोर समजत नाही, एवढीच माझी धडपड होती.

काय द्यावं यावर मी तीन दिवस डोकं पिकवलं. झारी द्यावी, तर त्यांच्या घरी विहीर नाही. कात्री द्यावी, तर घरी गुलाब नाहीत. कुदळ द्यायला त्यांची कंबर राहिली नव्हती. शेवटी त्यांच्या खुरप्याकडे लक्ष गेलं. झिजून झिजून त्याचं पातं चमच्याएवढं उरलं होतं. घरामागे त्यांनी चार हात जागेत भाजी लावली आहे, हे मला ठाऊक होतं. ठरलं, खुरपंच.

बुधवारी बाजाराच्या टोकाला लोहाराकडे गेले. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोन्या हाताचं पायजे?"

मला वाटलं गंमत करतोय. "खुरप्याला कसला हात? ज्याला पाहिजे त्यानं धरावं."

"तसं नाई बाई. पात्याले एकाच अंगानं धार रायते. उजव्याचं खुरपं डाव्यानं चालवलं तं माती कापत नाई, घसरते नुसतं."

"उजव्याचंच," मी म्हणाले. डाव्या हातानं कोण काम करतं? आमच्या घरी डावा हात पुढे आला की त्यावर पळी बसायची.

गुरुवारी मी ते खुरपं शाळेच्या शिपाईणबाईला दाखवलं. ती माळीबाबांच्याच वस्तीतली, तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. कौतुक करील म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

"खुरपं देऊन राह्यले का?" ती म्हणाली. "जिंदगीभर खुरपंच धरलं बुढ्यानं. आता जाताजाता बी खुरपंच? मांगं शिवणाच्या बाई गेल्या तवा त्यायले शाल देल्ती न तुमी."

उपयोगी, उपयोगी म्हणून मी जे नाचवत होते, त्याचा अर्थ 'राबत राहा' असा होतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एकदा त्यांना चारचौघांत बोलून झालं होतं. आता सगळ्या शाळेसमोर, हार घालून, दुसऱ्यांदा अपमान करणार होते.

शुक्रवारी मोठ्या बाईंना गाठून शाल मागायची, असं ठरवून मी शाळा भरायच्या तासभर आधी पोचले. बाई आल्या नव्हत्या. येरझाऱ्या घालत मागच्या अंगाला गेले तर माळीबाबा विहिरीपाशी मेथीत बसलेले. पाठमोरे. हात असा चालत होता की बघत राहावं. गवत मुळासकट उपटून बाजूला पडत होतं आणि मेथीच्या पानालाही धक्का नव्हता. तो हात डावा होता.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. त्यांनी वळून पाहिलं आणि पाहता पाहता खुरपं उजव्या हातात गेलं. तोच माणूस, तेच खुरपं, पण आता एखादी नवखी सून चुलीपाशी चाचपडते तसं चाललं होतं.

मी सरळ शिपाईणबाईकडे गेले. ती म्हणाली, "तुमाले मालूमच नाई? आंधीच्या मोठ्या बाईनं पायलं होतं त्यायले, सरस्वतीपूजेचे फुलं डाव्या हातानं तोडताना. म्हने, बाटवले फुलं, पुन्हा दिसला तं काढून टाकीन. तवापासून लोकायच्या पुढं उजवा, मांगं डावा. दीक्षा घेतल्यापासून तं पूजेले फुलं तोडतच नाई ते. पन सवय गेली नाई."

म्हणजे पुढचे वाफे उजव्या हातानं आणि मागचे डाव्या हातानं. आणि मी मुलींसमोर त्याला अंगचोरपणा म्हणून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी शरम वाटली की घंटा झाली तरी मी वर्गात गेले नाही.

मग मोठ्या बाईंकडे गेले. "बाई, खुरप्याबरोबर एक शालही दिली तर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्या शिपाई मागेल, परवा पाणी भरणारी. प्रथा पडते हो." आणि वहीत डोकं घातलं. यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले. नोकरी कायम व्हायची होती माझी. आजही ते 'बरं' आठवलं की कानशिलं तापतात.

उरलं ते खुरपं. शाळा सुटल्यावर लोहाराकडे धावले. "डाव्या हाताचं करून द्या." तो म्हणाला, आता भट्टी विझली, सकाळी या. म्हणजे शनिवार. आणि शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे माझ्या आईच्या दुधातून माझ्यात उतरलेलं. डाव्या हाताला पळी मारणारी तीच आई आणि शनिवारचं लोखंड टाळणारीही तीच. एक सोडलं तर दुसरं धरून काय करायचं? पण भित्र्या माणसाला पळवाट लागतेच. शनिवारी सकाळी खुरपं घेऊन मी घरी न जाता थेट शाळेत गेले.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी, मुली पटांगणात ओळीनं बसलेल्या. मोठ्या बाईंनी हार घातला, चार शब्द बोलल्या. मग मी कागदात गुंडाळलेलं खुरपं पुढे केलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कागद सोडला, आणि खुरपं बघून मान हलवली, जसं काही हेच मिळणार हे त्यांना माहीत होतं. मग सवयीनं उजव्या हातात धरून अंगठा पात्यावरून फिरवला. अंगठा थांबला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे, मग सगळ्या शाळेकडे. आणि खुरपं सावकाश डाव्या हातात घेतलं.

"हे तं माह्या हाताचं हाय," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. टाळ्या झाल्या, मुली पांगल्या. माळीबाबा घरी गेले नाहीत. गळ्यात हार तसाच, ते फाटकाजवळच्या वाफ्यात बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत डाव्या हातानं खुरपू लागले. मोठ्या बाई बाजूनं गेल्या, थबकल्या आणि पुढे निघून गेल्या. तासाभरात तो वाफा असा निघाला की मी दोन वर्षांत कधी पाहिला नव्हता.

मी जवळ जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती. "हिवाळ्यात मी तुम्हाला बोलले होते," एवढंच म्हणाले.

"हौ बाई," ते म्हणाले. खुरपं धोतराला पुसलं आणि उठले. "खुरपं बढिया हाय. धार बी बराबर देल्ली." मग फाटकाबाहेर पाऊल टाकता टाकता, अगदी सहज म्हणाले, "पन शाल देल्ली असती तं ते बी घेतली असती म्या."

पुढे दोन वर्षांनी माझी यवतमाळला दुसऱ्या शाळेत नेमणूक झाली. सगळी मिळून चार वर्षांची माझी नोकरी. त्याच पटांगणात, त्याच मोठ्या बाईंनी मला शाल-श्रीफळ दिलं, आणि मी ते हसत घेतलं. नारळ घरी फोडला. शालीची घडी अजून मोडलेली नाही.