तांदळाच्या पिंपातली टॉमी

माझ्या हातून मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ झाला, पण पहिल्या नंबरचा सांगायचा तर मी एकदा एका ट्रक ड्रायव्हरची टॉमी उचलून आमच्या तांदळाच्या पिंपात लपवली. टॉमी म्हणजे दोनेक फूट लांबीची लोखंडी कांब. ती ज्यांची होती त्यांना सगळी वस्ती उस्ताद म्हणायची. गाडी काढण्याआधी उस्ताद त्या कांबेनं एकेका चाकावर ठोका द्यायचे आणि मान तिरपी करून ऐकत उभे राहायचे, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून ऐकतात तसे. हवा भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला नुसता भद्द करतो. हमरस्त्यावर तुम्हीही हे कधी पाहिलं असेल. मी रोज पाहत होते, आणि मला त्यातून एवढंच कळत होतं की माझं बाळ उठतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. पारडी नाक्याजवळ, भंडारा रोडला लागून चार खोल्यांची एक ओळ होती. एका टोकाला आम्ही, शेजारी उस्ताद आणि त्यांची बायको. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. वय वीस, खाप्याहून लग्न होऊन आलेली, मॅट्रिक पास. मॅट्रिकचा तोरा असा, की जगात मला न कळणारं काही असलंच तर ते बिनमहत्त्वाचं असणार याची मला खात्री होती.

उस्ताद पारशिवनीकडचे. मालकाची गाडी चालवायचे, संत्री घेऊन कलकत्त्याकडे. गाडी इतकी जुनी, की तिचं एकेक दुखणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. एकदा दारात येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, मूठभर हयद द्या जी. गाडीले सर्दी झाली."

मला वाटलं पूजा असेल. मी हळदीबरोबर कुंकूही दिलं. उस्तादांनी हळद रेडिएटरच्या पाण्यात ओतली, गळती बंद झाली, आणि कुंकू तसंच परत आणून दिलं. "हे तुमालेच ठेवा. तिचं लगन झालेलं हाये माह्यासंगं."

त्यांची बायको आतून म्हणाली, "मंग मले काहून आणलं गा?"

दुसऱ्यांदा डिझेलच्या टाकीला चीर पडली तेव्हा माझी धुण्याच्या साबणाची अर्धी वडी त्या चिरेत गेली. वायपरला सुतळी बांधलेली असायची. पावसात उस्ताद एका हातानं स्टीअरिंग धरायचे आणि दुसऱ्या हातानं सुतळी ओढायचे. कशावरही त्यांचं एकच उत्तर असे, "पयले आयकाव, मंग बोलाव." मीही ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. पूर्वी उस्ताद प्यायचे. एकदा बायको सरळ माहेरी निघून गेली होती. आता थेंब जरी घेतला तर पुन्हा येणार नाही, अशा बोलीवर ती परतली, आणि त्यानंतरची तीन वर्षं उस्तादांनी बाटलीकडे पाहिलंही नव्हतं.

त्या मार्चमध्ये माझं बाळ सहा महिन्यांचं होतं. पोटदुखीनं रात्रभर रडायचं, उजाडता उजाडता डोळा लागायचा, आणि नेमका तेव्हाच बाहेर ठोका पडायचा. मी उस्तादांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "रबर मुकं असते बाई. त्याले बोलवा लागते." मग एका संध्याकाळी गाडी भरून उभी असताना मी केबिनच्या पायरीवरची टॉमी पदराखाली घेतली आणि तांदळात खोचली. सकाळी उस्तादांनी विचारलं. देवाला दिवा लावताना करते तसा चेहरा करून मी म्हणाले, "मी नाही पाहिली, बाई."

माल खोळंबला होता. उस्तादांनी चाकांना लाथा मारून पाहिल्या आणि निघाले. मागं दोन चाकं जोडीनं असतात, त्यातल्या आतल्या चाकापर्यंत लाथ पोचत नाही, हे मॅट्रिकला शिकवत नाहीत. बाळ मस्त झोपलं. मी स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

साकोलीच्या पुढे हवा गेलेला आतला टायर घासून घासून तापला आणि धूर ओकत पेटायला आला. उस्तादांनी माती टाकून विझवला, पण चाकाचे नट सोडवायचे कशानं? पान्यात घालून फिरवायची कांब हीच. गाडी बंद असल्याची खूण म्हणून रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकून ते दीड दिवस उन्हात थांबले, तेव्हा कुठे मापाचं हत्यार असलेली गाडी भेटली. तोवर मृगबहाराची संत्री खालून मऊ पडली होती.

चौथ्या दिवशी उस्ताद परतले. तीन दिवसांनी मालक आला आणि त्यानं अंगणातच किल्ली मागितली.

"हवा न पाहता निघाला?"

"टामी हरपली होती, सेठ."

"दोन फूट लोखंड हरपते का? का तूच हरपला होता? खरं सांग, किती घेतली होती?"

उस्ताद म्हणाले, "नाई घेतली." मालक हसला. उस्तादांनी किल्ली काढून पुढे केली. दारात त्यांची बायको उभी होती. ती मालकाकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती.

मास्तर शाळेत होते. असते तर मी त्यांना पुढे केलं असतं, इतकी मी शूर. बाळाला काखेत घेतलं, पिंपात हात घातला आणि टॉमी घेऊन अंगणात आले. तिला तांदळाचे दाणे चिकटले होते. "मी लपवली होती," म्हणाले, "लेकरू झोपत नव्हतं."

मालकानं टॉमीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. किल्ली उस्तादांच्या हातात ठेवून तो चालता झाला. उस्तादांनी फुंकर मारून टॉमीवरचे दाणे उडवले आणि गाडीकडे गेले.

पुढं तीनच वर्षांनी त्यांनी रायपूरकडे बिऱ्हाड हलवलं. पुढे ते वारल्याची बातमी मला कधीतरी कोणाच्या तरी तोंडून, फार उशिरा कळली. माझ्यावर ते रागावले होते का, हे विचारायचं राहूनच गेलं. पण त्या दिवशी मालक गेल्यावर मी तोंड लपवून घरात बसले होते, तेव्हा त्यांची बायको माझ्या दारात आली. मला वाटलं, आता शिव्या. ती चौकटीला टेकली आणि हळूच म्हणाली, "तीन दिवस झाले वं बाई, मी त्याईच्याशी बोलली नाई. गाठोडं बांधून ठेवलं होतं. चाल, सोडाले हात लाव, गाठ लय घट्ट बसली हाये."