एसचं कपाट

रेडिओ केंद्राच्या तळघरात इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या होत्या आणि त्या सांभाळणाऱ्याला सगळे नाना म्हणत. गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर जे असेल त्या अक्षराच्या कपाटात तबकडी ठेवायची, एवढाच केंद्राचा नियम. कपाटाच्या आत मात्र नानांनी स्वतःचा क्रम लावला होता आणि मुद्दाम कुठेही लिहून ठेवला नव्हता. तरुणपणी त्यांना वाटायचं, आपल्यावाचून यांचं अडलं पाहिजे.

अडलं, चांगलंच अडलं! एकवीस वर्षांत त्यांनी तीनदा वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी बदली मागितली होती. आज चौथ्यांदा साहेब म्हणाले, "नाना, तुम्ही वर आलात तर खाली गाणं सापडणार कुणाला?"

नाना पाय आपटत तळघरात आले, तोच एसच्या कपाटाशेजारचा फोन वाजला.

"नाना, एसमधलं ते समुद्राचं गाणं द्या, लवकर!" वरून निवेदिका म्हणाली.

आज नाही म्हणजे नाहीच द्यायचं, असं नानांनी दातओठ खात ठरवलं.

"सापडत नाही!" ते फोनमध्ये ओरडले.

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्या मेल्याने तबकडी केव्हाच बाहेर काढली होती.